ओळखीची चाल, नव्या जागा

विदर्भातल्या आंबागडच्या किल्ल्याखाली माझं बालपण गेलं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, रात्रभर खडी गंमत हे आमच्याकडचं लोकनाट्य चाले. शाहीर सिनेमातल्या गाण्याची चाल उचलायचा. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ढोलकी रुळलेली वाट सोडायची, साथीचं चोनका हे वाद्य तिला चिडवायचं, आणि मूळ गाणं सावलीएवढं उरायचं. पुढे जाझ ऐकला तेव्हा तो मला परका वाटलाच नाही.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा जाझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मग गोव्याच्या वादकांनी ही कला आपलीशी केली. आल्दोनाचे चिक चॉकलेट हॉटेलांतून ट्रम्पेट वाजवत. १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटात ते संगीतकार सी. रामचंद्रांसोबत होते, आणि रामचंद्र तर आमच्या नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले!

माझा जीव मात्र गिटारीवर. १९६८ची शंकर-जयकिशन यांची ‘रागा जाझ स्टाइल’ ही तबकडी मी अजून ऐकतो. तोडीपासून भैरवीपर्यंत ११ राग. रईस खाँची सतार सगळ्यांना आठवते; मी कान लावतो दिलीप नाईक आणि अनिबाल कास्ट्रो यांच्या गिटारींकडे, एडी ट्रॅव्हासच्या बेसकडे, लेस्ली गुदिन्होच्या ड्रमकडे. जाझमध्ये चाल एकदा सरळ वाजते. मग तेच स्वरमेळ, तेवढ्याच मात्रा फिरत राहतात आणि वादक त्यांवर ऐन वेळी नव्या जागा घेतो. शेवटी सगळे मूळ चालीवर परततात, आमचा शाहीर ध्रुपदावर परतायचा तसे.