विमान कंपनीतील भेदभावाचे दावे : मुदत व अधिकारक्षेत्र

लिंग, वय, विवाह किंवा गरोदरपण यांवरून विमान कंपनीने नोकरीत डावे-उजवे केल्यास कर्मचाऱ्याने दाद कोठे व किती दिवसांत मागायची, याविषयीचे नियम. भारतात यासाठी एकच कायदा नाही. मागणी काय आहे त्यावर न्यायपीठ ठरते, आणि न्यायपीठावर मुदत.

गाजलेले प्रकरण एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा. मुंबई उच्च न्यायालयातून हवाई सुंदरींची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल 28 ऑगस्ट 1981 चा. वयाच्या 35 व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न झाल्यास किंवा पहिल्या गरोदरपणी निवृत्ती, असा तेव्हा नियम होता. गरोदरपणाची अट न्यायालयाने रद्द केली. लग्नाची मात्र कुटुंबनियोजनाचे कारण देत टिकवली, जे आज वाचताना पचत नाही.

एअर इंडिया तेव्हा सरकारी महामंडळ होती, म्हणून रिट याचिका चालली. 27 जानेवारी 2022 रोजी ती टाटा समूहाकडे गेली. वेतन व बढतीत अन्याय झाल्याच्या कर्मचाऱ्यांच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात 2011 पासून पडून होत्या. कंपनी आता खासगी, म्हणून त्या 2022 मध्येच फेटाळल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये आर. एस. मदिरेड्डी प्रकरणात हे कायम केले. याचिका वेळेत असूनही सुनावणीच्या विलंबात अधिकारक्षेत्रच गेले, हा यातला खरा चटका. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे गेलेला काळ मुदत कायदा, 1963 च्या कलम 14 नुसार वगळून मागता येतो, एवढाच आधार.

त्र्यंबकेश्वरची एखादी मुलगी ओझर विमानतळावर विमान कंपनीत नोकरीला असेल, तर जवळचे म्हणून नाशिकचे कामगार न्यायालय गाठण्यात अर्थ नाही. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या 1971 च्या राज्य कायद्यात तक्रारीला 90 दिवस आहेत. पण हवाई वाहतुकीसाठी ‘समुचित शासन’ (वादाचा अधिकार असलेले सरकार) केंद्राचे, त्यामुळे तो कायदा तिला लागू नाही. तिचा रस्ता केंद्रीय समेट अधिकाऱ्याकडून केंद्राच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो. बडतर्फीचा वाद एकटीला नेता येतो. त्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत दोन वर्षे. पगार-बढतीतल्या भेदभावासाठी सहसा संघटना पाठीशी लागते. व्यवस्थापक पदावरच्यांना ही वाट बंद.

लैंगिक छळाच्या तक्रारीला 2013 च्या कायद्याने तीन महिने दिले आहेत. सबळ कारण असल्यास आणखी तीन. अमेरिकेत भेदभावाची तक्रार आधी संघीय आयोगाकडे 180 दिवसांत करावी लागते, बहुतेक राज्यांत 300.

सरकारी मालकीच्या कंपनीविरुद्ध रिटला ठरीव मुदत नाही, पण उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते. रिट कोणत्या उच्च न्यायालयात करायची हे ठरवायला याचिकाकर्त्याचा नुसता राहता पत्ता पुरत नाही. प्रतिवादी त्या न्यायालयाच्या हद्दीत असावा किंवा वादाचे कारण तिथे अंशतः तरी घडलेले हवे. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पण सहा जिल्ह्यांपुरते; नाशिक मुंबईकडेच आहे.