ठाण्याची घूस, वाळवी आणि सातशे वर्षांपूर्वीचे दोन पाद्री



भात निसवायला लागलं की बांधावर घुशीची ताजी माती दिसते आणि मग सगळ्यांचे फोन सुरू होतात, औषध कोणतं टाकू. औषधाचं पुढच्या वेळी लिहितो. आज घुशीचा इतिहास सांगतो. हसू नका, घुशीलाही इतिहास आहे. आणि तो आपल्या ठाण्याचाच आहे.

आज ठाणे म्हटलं की आपल्याला टेंभी नाका आठवतो. सिव्हिल हॉस्पिटल, नवरात्रातली देवी, आणि कामं उरकून एसटी पकडायची घाई. पण खाडीच्या काठचं हे गाव फार जुनं बंदर आहे. 1322 च्या सुमारास ओडोरिक नावाचा एक इटालियन पाद्री होर्मुझहून जहाजात बसला आणि 28 दिवसांनी ठाण्याला उतरला. जहाज काथ्याच्या दोरीने शिवलेलं, लोखंडाचा खिळा नाही. तेव्हा देवगिरीच्या यादवांचं राज्य संपून फार वर्षं झाली नव्हती आणि अंमल दिल्लीच्या सुलतानाचा होता. त्याच्या आधी थोडे दिवस, 1321 साली, ठाण्यात धर्माच्या वादातून चार पाद्री मारले गेले होते. त्यांच्या अस्थी घेऊन तो पुढे चीनला गेला. तो भाग इतिहासाच्या पुस्तकांत खूप आहे, त्यात मी शिरत नाही.

मला गंमत वाटली ती त्याने ठाण्याबद्दल लिहिलेल्या चार ओळींची. इथे काळे सिंह आहेत, माकडं आणि वानरं आहेत, कबुतराएवढी वटवाघळं आहेत, आणि इथले उंदीर आमच्याकडच्या कुत्र्यांएवढे आहेत. एवढ्यावर तो थांबत नाही. तो सांगतो की इथे उंदीर पकडायला कुत्री लागतात, मांजराचं ते काम नाही.

बघा आता. कुत्र्याएवढा उंदीर म्हटल्यावर शहरातला माणूस म्हणेल, पाद्रीबाबांनी थाप मारली. पण ज्याच्या घरी गोठा आणि भाताची कणगी आहे तो लगेच ओळखेल की ही घूस. मोठी घूस किलोभर वजनाची भरते. तिच्या अंगावर मांजर जात नाही, दुरून बघतं आणि शेपूट हलवत बसतं. कुत्रा मात्र माती उकरून तिला बाहेर काढतो. म्हणजे आकार थोडा फुगवला असेल, पण 'मांजर कामाचं नाही' ही गोष्ट कोणाच्या तरी अंगणात उभं राहून बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. मी तरी ती पहिल्या दर्जाची शेतनोंद मानतो.

इंग्रजीत घुशीला बँडीकूट म्हणतात. तो शब्द इंग्रजांचा नाहीच. तेलुगूत पंदि-कोक्कु म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर, त्याचं ते झालं. नाव आपल्याच देशातल्या शेतकऱ्याने ठेवलं, साहेबाने फक्त उच्चार बिघडवला. पुढे शास्त्रज्ञांनी लॅटिन नाव ठेवलं तेही बँडीकोटा. थोरली घूस ती बँडीकोटा इंडिका. आणि खाचरात कणसं कातरून बिळात साठा करणारी जी धाकटी जात आहे ती बँडीकोटा बेंगालेन्सिस. ही धाकटी जास्त नुकसान करते. आपल्या कातकरी बांधवांना हे कोणत्याही पुस्तकाआधी माहीत होतं. बिळाचं तोंड बघून आत धान्य आहे की नाही हे ते सांगतात, आणि भात कापणीनंतर बीळ खणून साठवलेलं भात काढतात.

काळ्या सिंहाचं मला कोडं आहे. कोकणात सिंह कुठला? बहुधा काळा बिबट्या असणार, सह्याद्रीत काळा बिबट्या अधूनमधून दिसतोच. येऊरच्या जंगलात तर साधे बिबटे आजही आहेत, टेंभी नाक्यावरून सरळ रेषेत धरलं तर काही फार लांब नाही. पण हा माझा अंदाज, पुरावा नाही.

आता दुसरा पाद्री. त्याचं नाव जोर्डानस. हा ओडोरिकच्या आधी ठाण्यात आला, त्या चार पाद्र्यांचा सोबती. त्यांचे देह त्यानेच गोळा करून सोपाऱ्याला नेऊन पुरले. नंतर काही काळ ठाण्यातच राहिला आणि पुढे दक्षिणेत कोल्लमचा बिशप नेमला गेला. त्याने हिंदुस्थानातल्या नवलांवर लॅटिनमध्ये एक लहानसं पुस्तक लिहिलं. हेन्री यूल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1863 साली ते इंग्रजीत आणलं. माझं शिक्षण दहावी, भाच्याने वाचून अर्थ सांगितला. काही पानं मी त्याच्याकडून दोनदोनदा वाचून घेतली.

या माणसाला फळांचा भारी नाद. फणस एवढा मोठा की एक फळ पाच माणसांना पुरतं. फणसाला तो 'चक्की' असं काहीसं म्हणतो. मल्याळीत फणसाला चक्का म्हणतात, तो शब्द तिकडचा. आंब्याला मात्र 'अनिबा' लिहिलंय. हा आपला आंबाच की. अलुबुखारसारखं पण खूप मोठं फळ, आणि गोडी अशी की सांगता येत नाही. हापूसची कलमं पोर्तुगीजांच्या काळातली, म्हणजे याने खाल्ला तो रायवळ. तरी एवढा खूश.

इथे जरा थांबून विचार करा, त्या वेळी ठाण्याच्या शेतात काय काय नव्हतं. मिरची नाही. बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग नाही. काजू, पेरू, पपई, चिकू, सीताफळ काही नाही. ही सगळी अमेरिकेकडची मंडळी, पोर्तुगीज जहाजांनंतर आलेली. तसंच घाणेरी, रानमोडी, गाजरगवतही नाही. गाजरगवत तर 1950 नंतरचं. खाचरात भात, वरकसावर नाचणी, वरी, तीळ, उडीद, वाल. कालवणाला तिखटपणा होता तो मिऱ्याचा नि आल्याचा. आपण ज्याला 'आपलं गावरान' म्हणतो त्यातलं निम्मं सामान पाहुणं आहे. माझं त्यावर काही म्हणणं नाही, मिरचीवाचून मला जेवण जात नाही.

फळांपेक्षा मला त्याचं किड्यांवरचं लिखाण आवडलं. इथल्या किड्यांची नवलं इतकी की सांगून संपणार नाहीत, असं तो म्हणतो. वाळवीबद्दल लिहितो की लोकरीसारख्या पांढऱ्या मुंग्या आहेत, दात एवढे कठीण की लाकूड पोखरतात, दगडांचे सांधेही सोडत नाहीत, कपड्यांची चाळण करतात. बारीक रेतीचं कवच बांधून त्याच्या आड राहतात. कवच मोडलं आणि ऊन लागलं की मरतात.

आता कृषी सहायक साहेबांना विचारा. वाळवीचं अंग मऊ, कातडी पातळ, उन्हात तिचं पाणी उडून जातं. म्हणून ती मातीची भुयारी वाट बांधूनच चढते. आंब्याच्या खोडावरची वाळवीची माती आपण खरवडून काढतो ती याचसाठी. (वाळवी मुंगी नाहीच, ती झुरळाच्या कुळातली निघाली. पण ही माहिती अलीकडची.) भिंगही नसलेल्या माणसाने सातशे वर्षांपूर्वी ऊन आणि वाळवी यांचा संबंध बरोबर धरला.

वटवाघळांचंही तसंच. घारीएवढी वटवाघळं, दिवसा झाडाला उलटी लटकतात तेव्हा लांबून मोठी फळंच लागलीत असं वाटतं. ज्यांच्या गावात वडाला वटवाघळांची वस्ती आहे त्यांनी ताडून बघावं.

आणि आता गांधीलमाशी. तो लिहितो की इथल्या काही गांधीलमाश्या मोठाले कोळी दिसले की मारतात, रेतीत खोल भोक करून पुरतात, आणि वरून अशी माती सारखी करतात की जागा कोणालाही सापडणार नाही.

हे आपल्यापैकी कित्येकांनी बांधावर पाहिलंय. एक काळपट, लांब पायांची माशी स्वतःहून मोठा कोळी ओढत नेत असते. तिची भिंतीवर घर करणारी बहीण म्हणजे कुंभारमाशी, ती मातीच्या मडक्यात कोळी नाहीतर अळ्या भरते. आपल्या कीर्तनांत याचाच दृष्टांत येतो, भिंगुरटी अळीला घरात कोंडते, गुणगुणत राहते आणि अळी ध्यास घेऊन भिंगुरटीच होऊन जाते. आमच्या आजीचा यावर ठाम विश्वास होता. नजर चुकली नव्हती. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे खरंच होतं. मधलं काय ते बंद मडक्यात होतं.

ते मडकं उघडायला वेळ लागला. फ्रान्समध्ये 1823 साली सँ-लेओं नावाच्या खेड्यात, गरीब शेतकरी घरात, फाब्र जन्मला. शाळामास्तर झाला. उन्हात तासन् तास पालथा पडून माश्या बघायचा. 1855 साली त्याने लिहिलं की माशी शिकार ठार मारत नाही, नांगी मारून फक्त लुळी करते. म्हणजे मांस ताजं राहतं. त्यावर ती अंडं घालते, अंड्यातली अळी ते खाते आणि माशी होऊन बाहेर पडते. तर जोर्डानसचं 'मारतात' तेवढं चुकलं, बाकी सगळं बरोबर. आणि ऐका, जोर्डानस सेवेराकचा. ते गाव बहुधा फ्रान्सच्या आवेरों भागातलं, आणि फाब्रचं सँ-लेओंही आवेरोंमध्येच. एकाच मुलखातली दोन माणसं, मध्ये पाचशे वर्षं, आणि दोघं माशीमागे वेडे. त्या मातीतच काही असेल.

आपण खोडकिडीसाठी भातात ट्रायकोकार्ड लावतो ना, त्यातली ती डोळ्याला न दिसणारी माशी हाच धंदा करते. फक्त ती किडीच्या अंड्यातच स्वतःचं अंडं घालते.

आपल्या लोकांनी हे लिहून का ठेवलं नाही, असं कोणी विचारेल. ठेवलं, पण उशिरा. 15 सप्टेंबर 1883 ला मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली, त्यात दोघं आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघंही डॉक्टर, आणि सखाराम अर्जुन वनस्पतींचे जाणकार. आठांतला एटकिन हा साताऱ्यात जन्मलेला, मिठाच्या नि जकातीच्या खात्यातला नोकर. बेडूक, पाली, मुंग्या यांच्यावर त्याने हसवत हसवत पुस्तकं लिहिली. थोड्याच दिवसांत सोसायटीचं बिऱ्हाड फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेलं. पोटापाण्याचा धंदा वेगळा आणि नाद जिवांचा, अशी ही माणसं. याच सोसायटीत 1908 साली एक मुलगा मेलेली चिमणी घेऊन चौकशीला आला, तो सलीम अली.

लिहिलेलं नाही म्हणून माहिती नव्हती असं मात्र नाही. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर टेंभी नाक्यापासून जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात तर आदिवासी बाया शेवळं घेऊन बसलेल्या दिसतील. शेवळांच्या जुडीबरोबर काकडाची हिरवी आंबट फळं देतात. ती घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. कंद कुठला, कोंब कधी वर येतो, खाज कशाने मरते, हे सगळं त्या एका टोपलीत असतं. मग कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी, करटोली, एकेक महिना धरून. त्या बाईच्या सुनेला यातल्या किती भाज्या ओळखता येतात हे मी दोनतीन जणींना विचारलं. उत्तरं काही फार बरी नव्हती.

भाताचं तेच. हळवं, निमगरवं, गरवं असं प्रत्येक खाचराला वेगळं बी असायचं. वाड्याच्या कोलमला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून त्याचं नाव तरी टिकलं. बाकीच्या वाणांची नावं म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत, कणगीत नाहीत.

जोर्डानसची एक सवय मी उचलली आहे. पुस्तकात लांबच्या देशाबद्दल लिहिताना तो आधीच सांगून टाकतो की तिकडे मी गेलेलो नाही, विश्वासाच्या माणसांकडून ऐकलंय. आणि त्याच भागात मग अचाट प्राणी येतात. म्हणून माझ्या वहीत आता दोन रकाने केलेत, 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. तुडतुडे कोळ्याने खाल्ले हे पहिल्या रकान्यात. दुकानदाराने सांगितलेली फवारणी दुसऱ्या रकान्यात, मग ती कितीही भारी बाटली असो.

घुशीच्या बाबतीत एक विनंती. बांधावर विषारी गोळ्या टाकायच्या आधी घुबडाचा विचार करा. मेलेला किंवा अर्धमेला उंदीर घुबड खातं, आणि रात्रीची फुकट राखण जाते. खाचरात टी आकाराच्या काठ्या रोवा, पक्षी बसायला. सविस्तर पुढच्या नोंदीत.

आणि कोळी ओढून नेणाऱ्या त्या माशीला तुमच्या गावात काय म्हणतात ते खाली लिहा. तालुकाही लिहा. मुरबाड, शहापूर, भिवंडी, वाडा, जव्हार, सगळीकडून हवंय. फोटो असेल तर उत्तम, 'पाहिलं' रकान्यात घेतो.