सीगॅस–स्टिंग संकेतमार्ग आणि कर्करोग

सीगॅस–स्टिंग संकेतमार्ग : पेशीद्रवात आढळलेला डीएनए ओळखून धोक्याची सूचना देणारी, उपजत प्रतिकारक्षमतेची एक रेणवीय यंत्रणा. विषाणूंपासून संरक्षण हे तिचे मूळ कार्य. मात्र कर्कपेशींचा डीएनएही केंद्रकाबाहेर पडत असल्याने अर्बुदाला शरीर कसे तोंड देते, यात तिचा मोठा वाटा असतो. हा संकेत अल्पकाळ उमटल्यास प्रतिकाराला बहुधा बळ मिळते. तो दीर्घकाळ चालू राहिल्यास काही अर्बुदांना त्याचाच लाभ होतो.

शोध : मायामी विद्यापीठातील हिरोकी इशिकावा व ग्लेन बार्बर यांनी २००८ मध्ये स्टिंग या प्रथिनाचे वर्णन केले; त्याच सुमारास इतर गटांनाही ते स्वतंत्रपणे आढळले. स्टिंगपर्यंत डीएनएची वर्दी कोण पोहोचवते, याचा उलगडा डॅलस येथील झिजियान चेन यांच्या गटाने केला. सीगॅस या विकराविषयीचे त्यांचे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यासाठी चेन यांना २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

कार्यपद्धती : सीगॅस दुपदरी डीएनएला चिकटते, पण त्यातील घटकांचा क्रम पाहत नाही. डीएनए स्वतःचा की परका, यापेक्षा तो कोठे सापडला याला येथे महत्त्व असते. निरोगी पेशीच्या केंद्रकातील सीगॅस न्यूक्लिओसोमांना बांधलेले राहून निष्क्रिय असते, तर पेशीद्रवात आलेल्या डीएनएचे ट्रेक्स-१ हे विकर तुकडे करते. हा बंदोबस्त अपुरा पडला, की सीगॅस एटीपी व जीटीपी यांपासून सीजीएएमपी हा चक्रीय रेणू तयार करते. हा रेणू आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलातील स्टिंगला जोडला जातो. मग स्टिंग गॉल्गी संकुलाकडे सरकते व टीबीके-१ या विकराद्वारे आयआरएफ-३ हे प्रथिन सक्रिय होते. ते केंद्रकात जाऊन पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनांची जनुके चालू करते. जोडीला एनएफ-कप्पाबी मार्गाने दाहकारक प्रथिनेही निर्माण होतात.

अर्बुदविरोधी कार्य : कर्कपेशींची गुणसूत्रे अस्थिर असतात. विभाजनाच्या वेळी मागे राहिलेल्या तुकड्यांभोवती सूक्ष्मकेंद्रके बनतात आणि त्यांचे नाजूक आवरण फाटले, की आतला डीएनए सीगॅसला सापडतो. मरणाऱ्या कर्कपेशींचा डीएनए डेन्ड्रायटिक पेशींतही पोहोचतो. त्यातून निर्माण होणाऱ्या इंटरफेरॉनामुळे या पेशी अर्बुदाचे प्रतिजन मारक टी पेशींसमोर प्रभावीपणे मांडतात. सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० ही प्रथिने टी पेशींना अर्बुदाकडे ओढून आणतात. स्टिंग नसलेल्या उंदरांत अर्बुदाविरुद्धच्या टी पेशी नीट सज्ज होत नाहीत, हे शिकागो विद्यापीठातील थॉमस गायेव्स्की यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले. कर्कपेशींनी बनवलेला सीजीएएमपी शेजारच्या पेशींत शिरून नैसर्गिक मारक पेशींनाही चेतवतो.

किरणोपचाराच्या परिणामातही या मार्गाचा सहभाग असतो. मात्र प्रायोगिक अर्बुदांमध्ये एका वेळची मात्रा सुमारे १२ ते १८ ग्रेच्या पलीकडे गेल्यावर ट्रेक्स-१ वाढून पेशीद्रवातील डीएनए नष्ट होतो आणि प्रतिकाराची चेतना मंदावते, असे २०१७ मध्ये आढळले. त्यामुळे किरणोपचारातून प्रतिकार जागवायचा असेल, तर एकूण मात्रेइतकीच तिची विभागणीही महत्त्वाची ठरते.

अर्बुदाला होणारा लाभ : अनेक अर्बुदे सीगॅस किंवा स्टिंगची जनुके निष्क्रिय करून हा मार्ग बंद पाडतात; मोठ्या आतड्याच्या कर्करोगात व मेलॅनोमात असे दिसून आले आहे. काही अर्बुदांमध्ये पेशींबाहेरील सीजीएएमपी ईएनपीपी-१ हे विकर तोडून टाकते. इतर काही अर्बुदे मार्ग चालूच ठेवतात, पण इंटरफेरॉनाकडे जाणारी शाखा दाबतात. अशा पेशींत सततच्या चेतनेमुळे एनएफ-कप्पाबीची पर्यायी शाखा प्रबळ होते व कर्कपेशींना अन्य अवयवांत पसरणे सोपे जाते, असे २०१८ मधील संशोधनात दिसले.

उपचार : व्हॅडिमेझान या औषधाने उंदरांतील अर्बुदे आक्रसली, परंतु फुप्फुसाच्या कर्करोगावरील तिसऱ्या टप्प्याच्या मानवी चाचणीत रुग्णांचे आयुर्मान वाढले नाही. हे औषध उंदरांच्या स्टिंगला सक्रिय करते, मानवी स्टिंगला नाही, हे कारण २०१३ मध्ये स्पष्ट झाले. पुढे मानवी स्टिंगला जुळणारे रेणू थेट अर्बुदात टोचून पाहण्यात आले. केवळ त्यांच्या वापराने प्रतिसाद मर्यादितच राहिला. टी पेशींवरील अटकाव दूर करणाऱ्या औषधांशी त्यांची सांगड, ईएनपीपी-१ ला रोखणारी औषधे आणि डीएनए दुरुस्ती अडवणारी पार्प-रोधके या दिशांनी संशोधन चालू आहे. स्टिंग सतत सक्रिय ठेवणाऱ्या जन्मजात उत्परिवर्तनांमुळे बालकांत रक्तवाहिन्या व फुप्फुसांचा तीव्र दाह होतो; तीव्र चेतना टी पेशींनाही मारू शकते. म्हणून औषधाची मात्रा, ते देण्याची वेळ आणि ते कोणत्या पेशींपर्यंत पोहोचते, या तिन्हींवर उपचाराचे यश अवलंबून असते.