मिसिंग शोधण्याची विद्या

मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी इतिहासजमा झाली. तेव्हा तिच्या रंगावर, आतल्या सजावटीवर, चित्रपटांतल्या तिच्या वावरावर पुष्कळ लिहिलं गेलं. तिच्याभोवती वाढलेल्या एका विद्येला मात्र त्या निरोपात जागा मिळाली नाही. थरथरत, झटके देत चालणाऱ्या इंजिनातला नेमका दोष हुडकण्याची ती विद्या. गॅरेजमधला जुगाड म्हणून आपण तिची बोळवण करतो, आणि तो अन्याय आहे. ही पद्धतशीर परीक्षेची विद्या होती, टंचाईने ती घडवली, आणि आजच्या संगणकी गाडीचंही तिच्यावाचून भागत नाही.

ती इथे का रुजली, हे पाहायला मोटारींच्या बाजाराकडे वळावं लागतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं, पण १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन मुळात तेच राहिलं. परवाना राजवटीत उत्पादनाला मर्यादा होती आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. साहजिकच मध्यमवर्गाची पहिली गाडी बहुधा जुनी असे, आणि जुनी गाडी आपला पूर्वेतिहास सांगत नसे. तिचा कार्बोरेटर कुणी उघडला, मुंबईतल्या ऑपेरा हाउसच्या किंवा पुण्यातल्या नाना पेठेच्या बाजारातून आणलेला कोणता भाग कधी बसवला, याची वही नसे. आयडलिंग जरा चढवून ठेवलं की थरथर दबून जाई आणि दोष व्यवहार झाल्यावरच उघडा पडे. एकीकडे दशकानुदशकं न बदललेलं यंत्र, दुसरीकडे प्रत्येक गाडीचा अज्ञात भूतकाळ, अशा दुहेरी परिस्थितीत मिस्त्रीचं ज्ञान साचत आणि धारदार होत गेलं.

त्या ज्ञानाचा गाभा होता क्रम. चार सिलिंडरांचं इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर त्यात सोळाशे ठोके पडतात. एक सिलिंडर गप्प झाला की त्यातले चारशे गळतात आणि गाडी हलू लागते; यालाच मिसिंग म्हणत. कुठला सिलिंडर गप्प आहे हे ठरवायला मिस्त्री चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून पाही. जी काढल्यावर इंजिन आणखी पडे, तो सिलिंडर काम करत होता. जी काढूनही आवाजात फरक पडत नसे, तिथे दोष. मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात लावायचा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब, जागीच राहिलं तर पुढे तपासायचं. प्लगचं टोक तांबूस-राखी असेल तर जळण ठीक, कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. दोष प्लगचा नसला तर पॉइंटची गॅप, कंडेन्सर, टायमिंग, मग कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगमधून हवा शिरते का ते, आणि शेवटी कॉम्प्रेशन. ते कमी भरलं तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा पाहायचं. वाढलं तर रिंगा झिजल्या, नाही वाढलं तर बहुधा व्हॉल्व्ह धरत नाही. स्वस्त तपासणी आधी, महाग उघडझाप शेवटी, आणि एका वेळी एकच बदल. प्रयोगशाळेतली शिस्तही याहून निराळी नसते.

यावर पहिला आक्षेप असा की हे चित्र फार गोड आहे. अंदाजाने स्क्रू पिळणारे, एका दोषासाठी चार भाग बदलणारे मिस्त्री गावोगाव होते. होतेच. पण वाईट वैद्यांमुळे वैद्यक खोटं ठरत नाही. शिवाय इथे दोन गोष्टींची गल्लत होते. जुगाड असायचा तो सुट्या भागांत, कारण अस्सल भाग मिळत नसे किंवा परवडत नसे. निदानात जुगाड करून भागत नसे, कारण चुकीचा अंदाज दुसऱ्याच दिवशी गाडीसकट दारात परत येई. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, २००० मध्ये देशभर प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले, कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आली, आणि पुढे गाडीतला संगणकच स्वतःचे दोष नोंदवू लागला. मग त्या जुन्या विद्येचा उपयोग काय? हातांच्या काही सवयी कालबाह्य झाल्या, हे मान्यच करायला हवं. आजच्या गाडीत चालू इंजिनाची कॉइल उपटणं धोक्याचं आहे, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळू शकतं. पण स्कॅनर नेमकं काय सांगतो ते पाहा. पी०३०२ हा कोड म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, एवढंच. प्लग, कॉइल, इंजेक्टर, हवेची गळती की कॉम्प्रेशन, हे तो सांगत नाही. त्यासाठी इंजिन बंद करून कॉइलची अदलाबदल करावी लागते आणि कोड तिच्याबरोबर पुढच्या सिलिंडरवर सरकतो का ते पाहावं लागतं. हीच ती जुनी प्लगची परीक्षा. यंत्राने पहिली पायरी झटपट केली, पुढच्या पायऱ्या माणसाकडेच राहिल्या.

या विद्येचं खरं दुबळेपण वेगळं आहे. ती पोऱ्याने उस्तादाकडे बघून शिकायची होती, आणि लिहून ठेवण्याची रीत त्या धंद्यात नव्हती. पद्मिनीवर आयुष्य घालवलेले मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गांनी त्यांना बोलवावं, त्यांचा तपासणीचा क्रम मराठीत उतरवून घ्यावा आणि स्कॅनरच्या धड्याला जोडून शिकवावा. आणि नुकतीच जुनी गाडी घेतलेल्या, तिच्या थरथरीने हैराण झालेल्या वाचकाने गॅरेजमध्ये भाग बदलायला संमती देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हाच भाग बिघडला आहे, हे तुम्ही कोणत्या परीक्षेने ठरवलंत? ज्याच्याकडे त्याचं उत्तर आहे, गाडी त्याच्याच हाती द्यावी.