त्रिविक्रमाचा राघू

संस्कृत ‘शुकसप्तती’त पोपट घरात कसा येतो, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मुलाच्या वागण्याने खचलेल्या हरिदत्त शेटजींना त्यांचा ब्राह्मण मित्र त्रिविक्रम आपल्या घरचा राघू आणि मैना आणून देतो. पक्षी आधीच बोलता, जाणता, दुसऱ्या घरात वाढलेला असतो. आपल्याकडे मराठीत हीच कथामाला ‘शुकबहात्तरी’ झाली. चौदाव्या शतकात नख्शबीने ती ‘तूतीनामा’ म्हणून फारसीत नेली, तेव्हा मात्र व्यापारी पोपट बाजारातून मोठी किंमत मोजून घेतो. या फारसी ग्रंथाची चित्रमय पोथी तरुण अकबराच्या चित्रशाळेत तयार झाली. त्याच अकबराने 1601 मध्ये असिरगड घेतला आणि बऱ्हाणपुरासह खानदेश मोगलांकडे गेला.

बऱ्हाणपूरहून रावेरमार्गे सावद्याला येणाऱ्याला उत्तरेस सातपुडा सोबत करतो. या पट्ट्यात राघूशी असलेले नाते दुटप्पी आहे. ज्वारीच्या कणसांवर उतरलेला थवा गोफणीने हाकलायचा आणि त्यातल्याच एकाला ओसरीवर टांगून पेरू-मिरची भरवायची! (खानदेशच कशाला, साऱ्या महाराष्ट्राची ही रीत.) पण ओसरीवरचा राघू थव्यातून येत नाही, ढोलीतून येतो. मोठा पक्षी सहसा बोलायला शिकत नाही, म्हणून बाजाराला पिल्लूच हवे असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ढोल्या उपसल्या जातात. पिसे पुरती न फुटलेली पिल्ले टोपल्यांत कोंबून शहरांकडे जातात आणि वाटेतच पुष्कळ मरतात. ‘मिठू मिठू’ म्हणणाऱ्या एका पक्ष्यामागे हा हिशेब असतो, आणि विकत घेणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि विशेषतः 1991 च्या दुरुस्तीनंतर, कंठवाला पोपट किंवा पहाडी पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा ठरला. मग धाडीत सुटलेला राघू तरी दत्तक घ्यावा, असे एखाद्या सहृदय माणसाच्या मनात येते. तेही शक्य नाही. कलम 39 नुसार असा पक्षी सरकारची मालमत्ता असतो. त्याची रवानगी वनविभागाकडे, म्हणजे नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आहे तशा एखाद्या उपचार केंद्राकडे होते. कापलेली पिसे झडून नवी येईपर्यंत महिनोन्‌महिने जातात, त्यानंतर उडण्याचा सराव. माणसाळलेल्या काहींना तर पुन्हा रान जमतच नाही. मला हा कायदा निष्ठुर वाटत नाही. ‘सोडवलेला’ या नावाखाली ढोलीतले पिल्लू खपवायची वाट त्याने बंद केली आहे.

त्रिविक्रमासारखे देणे-घेणे आज उरले आहे ते परदेशी पोपटांपुरते. आफ्रिकी करडा पोपट 2017 पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये सर्वाधिक संरक्षित यादीत आहे. 2024 च्या नियमांनुसार तो पाळणाऱ्याला ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते आणि पक्षी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावे लागते. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. पन्नाशीतल्या गृहस्थाने हौसेने आणलेले पिल्लू त्याच्या पश्चात कोणाच्या तरी गळ्यात पडणारच. तरीही नवे पिल्लू घेण्याकडेच लोकांचा ओढा, कारण मोठा पक्षी रुसतो, चावतो, कधी स्वतःचीच पिसे उपटतो. नव्या माणसाच्या हातावर यायला तो महिने घेतो, आणि तोवर आधीच्या घरातल्या कोणाला तरी नावाने हाका मारत राहतो.