मेंदूची अर्धवट राहणारी डागडुजी

मेंदू व मेरुरज्जूतील चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. त्यामुळे संदेशवहन वेगाने होते. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला चढवते. तेथे दाह निर्माण होतो, आवरण नष्ट होते आणि दृष्टी मंदावणे, हातापायांतील शक्ती कमी होणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसू लागतात. २०२० च्या जागतिक पाहणीनुसार या विकाराचे सुमारे २८ लाख रुग्ण होते.

मात्र, मेंदू या हल्ल्यापुढे हतबल नसतो. प्रौढ मेंदूत सर्वत्र पूर्वज पेशी विखुरलेल्या असतात. इजा होताच त्या विभाजन पावतात, जखमेकडे सरकतात आणि मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींत रूपांतरित होतात. मेंदूतील पोकळ्यांच्या कडेलाही अशा पेशींचा साठा असतो. उंदरांमध्ये या विकारासारखा दाह निर्माण केल्यावर तेथील पेशी जखमेपर्यंत पोहोचतात, असे फ्रेंच शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले.

मग डागडुजी अपुरी का राहते? याचे एक कारण दाहाच्या दुहेरी स्वरूपात आहे. अल्पकाळचा दाह मायलिनचे अवशेष साफ करून पूर्वज पेशींना चालना देतो. दीर्घकाळ रेंगाळणारा दाह मात्र त्यांची वाढ रोखतो. अनेक जुन्या जखमांत ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी आढळतात, पण त्या चेतातंतूंना आवरण घालत नाहीत. वाढत्या वयाबरोबर पूर्वज पेशींची क्षमताही घटते.

उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेल्या कार्बन-१४ च्या आधारे स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या मेंदूतील पेशींचे वय ठरवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात, भरून आलेल्या जखमांत नव्या पेशी फारच थोड्या आढळल्या. तेथील आवरण हल्ल्यातून बचावलेल्या जुन्या पेशींनी घातले असावे, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

सध्याची औषधे प्रतिकारयंत्रणेचा हल्ला आवरतात. गेलेले मायलिन परत आणणारे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. ॲलर्जीवरील क्लेमास्टिन या जुन्या औषधाची ५० रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दृष्टिचेतेतील संदेशवहनाचा विलंब किंचित कमी झाला, परंतु हा लाभ अल्प होता. त्यामुळे जुन्या पेशी शाबूत असतानाच दाह आटोक्यात आणणे महत्त्वाचे ठरते. लक्षणे दिसताच मज्जाविकारतज्ज्ञांकडे जाण्याचे मोल यातच आहे.