मीन्स टेस्टवाला दारात उभा आहे

मफलर घट्ट गुंडाळा, टोपी कपाळावर ओढा आणि बुटात पुठ्ठ्याचा तुकडा घाला. तळ झिजून पार गेलाय आणि बाहेर बर्फाचा चिखल आहे. साल 1935, महिना जानेवारी. तुम्ही दक्षिण वेल्समध्ये आहात, मर्थर टिडफिलच्या वरच्या अंगाला, डाउलाइस नावाच्या वस्तीत. एकाला एक चिकटलेली दगडी घरं, मागे राखेचे आणि खडीचे डोंगर, आणि हाडात शिरणारा गारठा.

आकाशाकडे बघा. रात्री इथे भट्ट्यांचा लाल उजेड पडायचा, त्या उजेडात लोक अंगणात उभं राहून गप्पा मारायचे. 1930 मध्ये पोलादाच्या कारखान्याचा बहुतेक भाग बंद झाला आणि तो उजेड गेला. तुमचे हात मात्र अजून त्या कामाचेच आहेत, तळव्यावर भाजल्याच्या खुणा असलेले.

चला, रांगेत उभे राहा. कामगार कचेरीत आठवड्याची सही करायची आहे. पुढच्याच्या ओल्या लोकरी कोटाचा वास तुमच्या नाकात जातोय, मागचा माणूस एकच सिगारेट तिघांत फिरवतोय. खोकल्याचा आवाज रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. हळू आवाजात प्रत्येक जण एकच विचारतो, “तुझ्याकडे तो येऊन गेला का?”

तो म्हणजे मीन्स टेस्टवाला, घराची मिळकत तपासणारा सरकारी माणूस.

काम सुटल्यावर पहिले 26 आठवडे तुम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं. काम होतं तेव्हा पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे, त्यामुळे तो भत्ता तुमच्या हक्काचा होता: तुमचे 17 शिलिंग, बायकोचे 9, प्रत्येक मुलामागे 2. ते आठवडे संपले. आता भत्ता हवा असेल तर घराची झडती. तुमच्या एकट्याची मिळकत मोजून भागत नाही. एका छपराखाली राहणाऱ्या सगळ्यांची मिळकत मोजायची, आणि मग तुमची गरज किती ते ठरवायचं.

घरी या. दार ढकलताच कोळशाचा धूर आणि उकळलेल्या कोबीचा वास येतो. कोळसा विकत आणलेला नाही, धाकट्याने राखेच्या डोंगरावर वाकून वेचून आणलाय. बायकोने चुलीच्या लोखंडाला काळं पॉलिश करून ते आरशासारखं चकचकीत केलंय. पाहुणा येणार आहे ना! रविवारचा कोट सोमवारी गहाणवटीच्या दुकानात गेला, तो अजून तिथेच आहे. पुढच्या खोलीत पियानो आहे. चांगल्या दिवसांत हप्त्याहप्त्याने घेतलेला.

दारावर थाप पडते. समोरच्या घराचा पडदा हलतो. सगळ्या गल्लीला कळलं.

आत येणारा माणूस तरुण आहे, बोलायला सभ्य आहे, थंडीने त्याचीही बोटं आखडली आहेत. तो खुर्चीच्या कडेवर बसतो, वही उघडतो. घरात कोण कोण राहतं? थोरला मुलगा किती कमावतो? आजीचं पेन्शन 10 शिलिंग, बरोबर? बचत काही? आणि हा पियानो? त्याच्या प्रश्नांत उद्धटपणा नाही. तरी तुमचे कान तापतात, बायको एप्रनचं टोक पिळत राहते आणि आजी खाली बघत बसते. आपली म्हातारपणाची पुंजी आपल्याच मुलाच्या ताटातून वजा होतेय, हे तिला समजलंय.

थोड्या दिवसांनी कागद येतो. थोरला किराणा दुकानात सामान पोचवण्याचं काम करतो. त्याच्या पगारातले थोडे पैसे सोडून बाकीचे घरात धरले आहेत. तेवढा तुमचा भत्ता कमी.

त्या रात्री जेवायला बसा. पावावर मार्गारिन, वर काळा चहा. कुणी बोलत नाही. आपण पोराच्या जिवावर जेवतो आहोत, या विचाराने तुमच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि पोराला वाटतंय, आपल्याला काम आहे म्हणून बापाचे पैसे गेले. महिना संपायच्या आत तो पत्र्याची पेटी भरतो आणि दोन गल्ल्या पलीकडे मावशीकडे राहायला जातो. आता कागदावर तुमचं घर अधिक गरीब आहे, म्हणून भत्ता थोडा वाढेल. बायको त्याची खाट दुमडून भिंतीला लावते.

पुन्हा सहीच्या रांगेत एक म्हातारा म्हणतो, “पैसा करातून येतो. कर गरीबही भरतात. ज्याचं भागतंय त्याला कशाला द्यायचा?” त्याचं म्हणणं खोटं नाही. गरज विचारणं हा अपमान नाही. पण ज्याने शिलिंग शिलिंग साठवलं त्याला शिक्षा, आणि ज्याने हाती आलं तसं उडवलं त्याला पूर्ण भत्ता, हा न्याय कुठला?

आता फेब्रुवारीचा पहिला रविवार. बाहेर पडा, कारण घरात कुणीच उरलेलं नाही. नवीन सरकारी मंडळाने जानेवारीपासून लावलेल्या दरांनी अनेकांचा भत्ता आणखी कापलाय, आणि आख्खं दक्षिण वेल्स रस्त्यावर आलंय. इतिहासकारांचा अंदाज 3 लाखांचा आहे. तुम्हाला फक्त खांद्याला लागलेले खांदे जाणवतात. बुटांचा खडखडाट, बँडचे पितळी सूर, चॅपलमध्ये गायची गाणी. पाद्री, कम्युनिस्ट, दुकानदार, बाबागाडी ढकलणाऱ्या बाया, सगळे एका ओळीत. इतक्या माणसांच्या उबेत जानेवारीपासून पहिल्यांदाच तुम्हाला थंडी वाजत नाही. सोमवारी मर्थरमध्ये बायकाच पुढे होतात, मंडळाच्या कचेरीच्या काचा खळाखळा फुटतात. मंगळवारी संसदेत मजूरमंत्री सांगतात: जुना आणि नवा, यांतला जो दर जास्त तो मिळेल.

कपात थांबली. सगळ्या घराची मिळकत मोजायची पद्धत मात्र 1941 पर्यंत टिकली.

आता आपल्याकडे परत या, उन्हात तापलेल्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन एक विधवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभी आहे. या योजनेत कित्येक वर्षं कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये राहिली, म्हणजे महिन्याला 1,750. घरात एकाला महिन्यातून थोडे दिवस मजुरी मिळाली, तरी खरा हिशेब ही मर्यादा ओलांडायचा. मग दाखला खोटा काढायचा, किंवा मुलाची चूल कागदावर वेगळी दाखवायची. डाउलाइसच्या थोरल्याला पेटी भरायला लावणारं गणित हेच.

पैसा मोजका आहे, तेव्हा चौकशी होणारच. पण ती ज्याला गरज आहे त्या माणसाची व्हावी. त्याच्या आईची पुंजी आणि मुलाची मजुरी त्यात ओढू नये, काटकसरीने साठवलेलं थोडं त्याच्यापाशी राहू द्यावं, आणि मर्यादा अशी असावी की खरं बोलूनही मदत मिळेल. कमावत्या मुलाला आईजवळ राहणं महाग पडेल अशी परीक्षा सरकारचे चार पैसे वाचवते आणि घर मोडते. घरं मोडून वाचवलेल्या पैशाला मी बचत म्हणणार नाही.